कायोटी आणि रानडुक्कर, दोघांना एकच रायफल

मार्चातली संध्याकाळ. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरीला, मांगराच्या पडवीत बसून काजूच्या बियांची पोती मोजत होतो, तेवढ्यात टेक्सासहून भाच्याचा फोन आला. तिथे नुकतं उजाडलेलं. "मामा, ऑस्टिनच्या पश्चिमेला अठरा एकर घेतलीय ना, तिथे आता शेळ्या ठेवल्यात. कायोटी करडं उचलतात आणि डुकरं एका रात्रीत कुरण नांगरून जातात. दोघांना मिळून एकच रायफल सांग. दुसरी घ्यायला बायको देणार नाही."

मी पोती अर्धी सोडली आणि तासभर बोललो. तेच आता सविस्तर लिहितो, कारण भाच्यासारखे आणखी चारजण तिकडे जमीन घेऊन बसलेत आणि सगळ्यांचे प्रश्न सारखेच असतात.

मी जहाजावरचा इंजिनियर. पुढे अकरा वर्षं ह्यूस्टनच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत काढली. तिथल्या फोरमनची शहराच्या पश्चिमेला कोलोराडो नदीच्या अंगाला थोडी जमीन होती, आणि दर दोन आठवड्यांनी आम्ही तिकडे जायचो. शिकारी म्हणून माझं काही मोठं नाव नाही. पण नळी, स्क्रू, तेल आणि मोजमाप ही माझी रोजची भाकरी होती, त्यामुळे लोक रायफलीचा रंग बघत तेव्हा मी तिचे जोड बघायचो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे सगळं तिकडचं आहे. इथे गोव्यात हे वाचून कुणी रानात निघायचं नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता मूळ अडचण. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊ. वजन दहा ते अठरा किलो, अंगावर केसच जास्त. खाली छातीत काळीज-फुफ्फुसांचा भाग जेमतेम चार इंचांचा. सशाच्या ओरडण्याचा आवाज लावून बोलावलं की तो येतो, पण शंभर-दीडशे यार्डांवर थांबतो, वारा हुंगतो, आणि दोन सेकंदांत ठरवतो की हे काही खरं नाही. त्याला मारायला ताकद लागत नाही, अचूकपणा लागतो. डुकराचं नेमकं उलटं. ते तीस-चाळीस यार्डांवर तुमच्यासमोर मक्याचे दाणे चावत उभं असेल, डोळ्यांनी त्याला फारसं दिसतही नाही. पण सत्तर-ऐंशी किलोचा नर असला तर गोळीला आत पोहोचायला वाट काढावी लागते.

ही वाट किती जाड असते ते मी सुरीने पाहिलंय. पहिल्यांदा मोठा नर सोलला तेव्हा फोरमनने मला खांद्यावर सुरी चालवायला सांगितलं. कातडं सुटलं, चरबीचा थर गेला, आणि त्याखाली सुरी अडली. बोटभर जाडीचं पांढरट, चिवट काहीतरी. जहाजाच्या जुन्या फेंडरचं रबर कापताना जसं पातं चिकटून बसतं तसंच. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात, म्हणून खांद्यापासून बरगड्यांपर्यंत ही ढाल वयाबरोबर जाड होत जाते. माद्यांमध्ये ती अशी नसते. त्या दिवशी त्या ढालीत आम्हाला एक जुनी गोळी सापडली. तांब्याचं टरफल फाटून फुलासारखं उघडलेलं, आत कुठेच न गेलेलं. आधीच्या कुणीतरी मारलेली. आणि ते डुक्कर त्यानंतरही खाऊन-पिऊन धट्टंकट्टं होतं.

ती गोळी दुसऱ्याची होती म्हणून मी हसलो. पुढच्याच हिवाळ्यात माझ्यावर पाळी आली. माझ्याकडे तेव्हा .२२३ रेमिंग्टनची रायफल होती (हे काडतुसाचं नाव, आकडा साधारण गोळीची जाडी इंचांत), कायोटीसाठी घेतलेली, ५५ ग्रेनची पातळ टरफलाची गोळी. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. लहान जनावरात शिरताच फुटून जावी अशीच ती बनवलेली असते. ओढ्याच्या काठी नर उभा होता, अंतर साठ यार्ड, आणि मी सरळ खांद्यावर बार काढला. धूळ उडाली, डुक्कर बसलं, उठलं आणि वेळूच्या जाळीत घुसलं. बॅटरी घेऊन रात्री दोन वाजेपर्यंत शोधलं. रक्ताचे सात थेंब, मग काहीच नाही. चूक रायफलीची नव्हती, .२२३ ची सुद्धा नव्हती. मी कायोटीची गोळी डुकराला घातली होती.

म्हणून भाच्याला पहिलं वाक्य हे सांगितलं: काडतूस डुकराकडे बघून निवड, आणि रायफल कायोटीकडे बघून. लोक नेमकं उलटं करतात. कायोटीसाठी हलकं, वेगवान काडतूस घेतात आणि डुकराच्या वेळी जरा जवळून मारू म्हणतात. डुक्कर जवळ आलं तरी त्याची ढाल काही पातळ होत नाही. डुकराला पुरणारं काडतूस मात्र कायोटीला हमखास पुरतं. त्याचं कातडं विकायचं असेल तरच मोठ्या भोकाची काळजी, आणि भाच्याला कातडी विकायची नाहीत, करडं वाचवायची आहेत.

आता काडतुसं. बाजारात ढीग आहे, पण या दुहेरी कामाला खरे उमेदवार चार-पाचच.

.२२३ स्वस्त, धक्का नाहीच म्हणा, सराव भरपूर होतो. ५५ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३,२४० फुटांनी निघते, पण दोनशे यार्डांवर तिच्यात साडेसहाशे फूट-पाउंड जोर उरतो. ६२ ग्रेनच्या पुढची, तांब्याची किंवा शिसं टरफलाला सांधलेली गोळी घेतली आणि कानामागे मारायचा हात बसलेला असला तर डुकराला चालते. नवशिक्याला मी ती देणार नाही. .२२-२५० आणखी वेगवान, कायोटीसाठी तर सुरेखच, पण डुकराच्या बाबतीत अडचण तीच.

.३०८ विंचेस्टर १९५२ चं, जगभर मिळतं, १५० ग्रेनची गोळी २,६०० फूट-पाउंडांहून अधिक जोराने निघते. डुकराला याहून जास्त काही लागत नाही. भानगड खांद्याची. धक्का, पुढे येणाऱ्या .२४३ काडतुसाच्या पावणेदोनपट, आणि नवा माणूस चौथ्या-पाचव्या बारानंतर चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो. डोळे मिटले की कायोटीचे चार इंच गेलेच.

या दोघांच्या मधलं आहे .२४३ विंचेस्टर. १९५५ साली आलं, आणि त्याची घडण मला मिस्त्री म्हणून फार आवडते: .३०८ चंच पितळी टरफल, फक्त मान आवळून बारीक केलेली. दोन्ही काडतुसं टेबलावर शेजारी उभी करा, खालचा घडा एकच, वरचा गळा वेगळा. दारूला जागा तेवढीच आणि गोळी हलकी, म्हणून वेग जास्त. १०० ग्रेनची गोळी सुमारे २,९६० फुटांनी निघते. जोर तोंडाशी १,९४५, शंभर यार्डांवर १,६१५, दोनशेवर १,३३० च्या आसपास. म्हणजे दोनशे यार्डांवरही .२२३ च्या नळीच्या तोंडाशी असलेल्या जोरापेक्षा किंचित जास्तच. भाच्याच्या अठरा एकरांत दोनशेच्या पलीकडे बार काढायची वेळ येणार नाही, पलीकडे शेजाऱ्याची गुरं आहेत.

माझी निवड .२४३. बायकोलाही ती पेलेल, आणि शेळ्या राखायला घरात त्या क्षणी जो असेल तोच उठणार.

६.५ क्रीडमूर २००७ चं. गोळी जड, लांब जाते, वाऱ्याने कमी ढळते. धक्का .२४३ पेक्षा थोडा जास्त, .३०८ पेक्षा कमी. डुकरं जास्त आणि कायोटी क्वचित असा मामला असेल तर हेच घ्या, मी वाद घालणार नाही. फक्त तरुण पोरं ते हजार यार्डांच्या गप्पांसाठी घेतात आणि चाळीस यार्डांवर मक्याच्या ढिगाशेजारी बसतात, याची गंमत वाटते.

एआर-१५ ही अर्धस्वयंचलित रायफल आधीच घरात असेल तर वेगळा हिशेब. तिचा वरचा अर्धा भाग बदलून ६.५ ग्रेंडेल करता येतो. त्याला बोल्ट (काडतूस नळीत ढकलून बंद करणारा भाग) वेगळा लागतो आणि मॅगझिनही, हे दुकानदार कधीकधी शेवटी सांगतो. १२३ ग्रेनची गोळी, जोर .२४३ च्या जवळपास. .३०० ब्लॅकआउट हे नावाने भारदस्त, पण वेगाने मंद; शंभर यार्डांच्या आत डुकराला चांगलं, दूरच्या कायोटीला ओढूनताणून. आणि त्याच्याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा: .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसू शकतं. बसलं आणि चाप ओढला तर जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल हातात फुटते. दोन्ही घरात असतील तर मॅगझिनं वेगळ्या रंगाची ठेवा, डबे वेगळ्या कपाटात. बॉयलर रूममध्ये वाफेची आणि पाण्याची व्हॉल्व्ह आम्ही याच कारणासाठी वेगवेगळी रंगवायचो.

काडतूस ठरलं की गोळी. .२४३ मध्येच ५८ ग्रेनच्या फुटणाऱ्या गोळ्या मिळतात आणि १०० ग्रेनच्या आत शिरणाऱ्याही. डब्यावर कुठल्या जनावराचं चित्र आहे ते बघा. कोल्हा-कुत्र्याचं असेल तर तो डबा डुकरासाठी नाही. डुकराला ९० ते १०० ग्रेनची, शिसं टरफलाला सांधलेली, किंवा ८०-८५ ग्रेनची सबंध तांब्याची.

इथे भाचा म्हणाला, मग दोन डबे ठेवतो, कायोटीला हलकी आणि डुकराला जड. मी त्याला तिथेच थांबवलं. गोळी बदलली की तिची पडायची जागा बदलते, वरखाली तर बदलतेच, काही नळ्यांत डावी-उजवीही सरकते. पहाटे पावणेपाचला, शेळ्या ओरडताहेत, हात थंड पडलेत, तेव्हा मॅगझिनमध्ये कुठली गोळी आहे हे आठवायचं आणि त्याप्रमाणे नेम वरखाली करायचा? एक रायफल, एक गोळी, एकच जागा. चांगली गोळी सापडली की त्याच लॉटचे दहा डबे एकदम घ्यावे.

नळीतल्या पिळाबद्दल दोन शब्द. नळीच्या आत आट्यांसारख्या खाचा असतात, त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात. .२४३ मध्ये बहुधा दहा इंचांत एक फेरा असतो. वर सांगितलेल्या गोळ्यांना तो पुरतो. फार लांब, टोकदार गोळ्या घालायच्या असतील तर आठ इंचांत एक फेरा लागतो, नाहीतर गोळी डगमगत जाते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं. लांबट भोक दिसलं की दुर्बिणीला दोष देऊ नका.

रायफलीचा साचा मी बोल्टचा सांगितला, म्हणजे दर बारानंतर बोल्ट हाताने ओढून पुढचं काडतूस घ्यायचं. डुकरं कळपाने येतात, त्यामुळे अर्धस्वयंचलित रायफलीने दुसरा-तिसरा बार पटकन काढता येतो, हे खरं. पण नवशिक्याच्या हातात ती आली की पहिल्या बाराची किंमत कमी होते. बोल्ट मागे ओढावा लागला की माणूस पहिल्याच गोळीला मान देतो. शिवाय कायोटीला दुसरी संधी तशीही क्वचित मिळते.

दुकानात रायफल हातात घेतली की आधी कंपनीचं नाव वाचू नका. दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा आणि बोट चापाकडे न्या. बोटाचं पहिलं पेर आरामात पोहोचलं तर माप बरोबर. भाचा पाच फूट चार इंच, त्याला नेहमीचा साडेतेरा इंची दस्ता लांब पडतो. आखूड दस्त्याची मिळते, लाजायचं कारण नाही. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, मान वाकडी करावी लागली तर दस्ता तुमचा नाही. चाप कोरडा ओढून बघायची परवानगी मागा: काचेची काडी मोडावी तसा सुटला पाहिजे, वाळूतून ओढल्यासारखा नाही. नळी बावीस इंची बरी. दुर्बिणीसकट साडेतीन-पावणेचार किलो वजन खांद्याला जड वाटतं, पण बाराच्या वेळी तेच वजन धक्का खातं.

जुनी घ्यायची तर .२४३ च्या बाबतीत नळीचं आतलं तोंड नीट पाहून घ्या. वेगवान काडतूस असल्यामुळे ते .३०८ पेक्षा लवकर झिजतं. बाहेरून चकचकीत आणि आतून खाल्लेली नळी मी एका विक्रेत्याकडे पाहिली होती. मी बॅटरी मागितल्यावर त्याने चेहरा पाडला, तेव्हाच उत्तर मिळालं.

दुर्बिणीला हात सैल सोडा. ३ ते ९ पट, ४० मिलिमीटर काच, एवढं पुरे. बारा-सोळा पटींच्या मोठ्या दुर्बिणीत चाळीस यार्डांवरचं डुक्कर म्हणजे नुसता केसांचा पडदा दिसतो, कुठला भाग तेच कळत नाही. बसताना ३ वर ठेवूनच बसा; दूरचा कायोटी आला तर वाढवायला वेळ मिळतो, जवळ आलेल्या डुकराच्या वेळी कमी करायला मिळत नाही. टेक्सासात खासगी जमिनीवर डुकरं आणि कायोटी रात्री मारता येतात, आणि उष्णता दाखवणारी थर्मल दुर्बीणही चालते. घ्यायची असेल तर पहिलं वर्ष गेल्यावर घे म्हटलं. आणि मामाला भेट म्हणून तसली दुर्बीण बॅगेत घालून आणू नकोस. अमेरिकेबाहेर ती परवान्याशिवाय नेता येत नाही, आणि दाबोळीला कस्टम्सच्या टेबलावर काय सांगशील?

दुर्बीण बसवताना कड्यांचे स्क्रू. हे मी इंजिनियर असून शिकलो, तेही लाज वाटण्यासारखं. एका हंगामात माझे सगळे बार डावीकडे जायला लागले. मी गोळी बदलली, बसायची पद्धत बदलली, स्वतःच्या डोळ्यांना चष्मा लावून आणला. शेवटी फोरमनने दोन बोटांनी दुर्बीण धरून हलवली. ती हलली. मागच्या कड्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता. तेव्हापासून टॉर्क रेंच वापरतो, कड्याच्या खोक्यावर लिहिलेल्या मापानेच आवळतो, आणि स्क्रूच्या डोक्यावर नखपॉलिशचा ठिपका देतो. ठिपका फुटला की स्क्रू सरकला.

नेम बसवायची रीत. आधी पंचवीस यार्डांवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून. बहुतेक दुर्बिणींच्या नेम सरकवायच्या चकतीचा एक टिचका शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो. म्हणजे पंचवीस यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. इथे एक इंच चुकलात तर चार नव्हे, सोळा टिचक्या. हे न कळल्याने लोक अर्धा डबा उडवतात. मधोमध बसली की शंभरवर जा, तीन बार काढा, नळी हाताला सोसेल इतकी निवू द्या, पुन्हा तीन. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर पावणेदोन इंच वर लागेल अशी ठेवली की दोनशेवर ती नेमकी येते, आणि तीनशेवर सात-आठ इंच खाली. मग दोनशेपर्यंत काही हिशेब करायचा नाही, जिथे लावायचं तिथे फुली धरायची.

कानाला मफ लावल्याशिवाय एकही बार नको. माझ्या उजव्या कानात जे कायम वाजतं त्यातलं निम्मं इंजिन रूमचं आहे आणि निम्मं एका सकाळी घाईत, मफ गळ्यातच ठेवून काढलेल्या एकाच बाराचं.

बाकावरून नेम बसला म्हणजे शिकार आली असं नव्हे. जेवणाची कागदी ताटली शंभर यार्डांवर लावा आणि रानात बसणार तसं बसून, काठीच्या आधाराने, दहा बार काढा. डुकरासाठी दहापैकी दहा ताटलीत. मग ताटलीच्या जागी चहाची बशी. ती झाली की कायोटी.

डुकरावर कुठे धरायचं, यात हरणांवर शिकलेले लोक चुकतात. डुकराचं काळीज आपल्याला वाटतं त्याहून खाली आणि पुढे असतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेने सरळ वर जा, आणि अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच थांबा. वर पाठीच्या केसांत धरलं तर गोळी मणक्याच्या वरून मांसातून जाते. डुक्कर पडतं, तुम्ही खूश होता, आणि ते उठून जातं. जवळून आणि रायफल टेकलेली असेल तर कानामागे. जखमी नर जाळीत गेला तर अर्धा तास तिथेच बसायचं, मग दोघांनी जायचं. आणि डुकरामागे काय आहे हे आधी बघायचं, कारण गोळी आरपार गेली तर पुढे शेळ्यांचा गोठा नसावा.

आता कागदपत्रं. भाचा अजून एच-वन-बी व्हिसावर आहे, आणि इथे बरेच आपले लोक अडकतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तसल्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक घेता येत नाही, जवळही ठेवता येत नाही. यातून सूट मिळवायचा एक मार्ग म्हणजे चालू असलेलं शिकारीचं लायसन. टेक्सासात १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला लायसन लागत नाही. म्हणून लोक म्हणतात, कशाला काढतोस? काढच म्हटलं, कारण तुला ते डुकरासाठी नको, रायफल घरात ठेवण्यासाठी हवंय. टेक्सासचं लायसन ३१ ऑगस्टला संपतं. त्या रात्रीनंतर नवं नसेल तर कपाटातली रायफल गुन्हा होऊन बसते. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा अभ्यासक्रमही करावा लागतो, तो चांगला असतो, झोपू नका. आणि व्हिसाचा प्रश्न आहे म्हणून एकदा वकिलाला विचारून घे, मामाच्या फोनवर जाऊ नकोस.

डुक्कर सोलताना रबरी हातमोजे. तिकडच्या रानटी डुकरांत ब्रुसेलोसिस हा रोग असतो, लेप्टोही असतो. लेप्टो म्हणजे काय ते आपल्याकडे पावसात शेतात उतरणाऱ्याला सांगायला नको. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस शिजवायचं.

तेलाचं एक राहिलं. माझे वडील त्यांच्या बारा बोरच्या दुनळीला खोबरेल तेल लावायचे. पावसाळ्यात केरीला भिंतीला बुरशी येते, तिथे बंदूक गंजू नये म्हणून रविवारी चिंधीने पुसणं हा घरचा विधीच होता. मीही ह्यूस्टनला पहिल्या वर्षी सवयीने तेच केलं. जानेवारीत पहाटे बोल्ट ओढला तर आत साय धरलेली. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, हे लहानपणी थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या मला आठवायला हवं होतं. बंदुकीचंच पातळ तेल वापरा, आणि थोडंच.

वडिलांच्या त्या दुनळीचीच गोष्ट काढून भाच्याने विचारलं, आजोबांसारखी बारा बोर घेतली तर? त्या काळी सत्तरी तालुक्यात रानडुकराला एल.जी.चं, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं, काडतूस हा ठरलेला शब्द होता. तीस-चाळीस पावलांत ते काम करायचं, त्यापुढे छर्रे पसरतात आणि नुसती जनावरं जखमी होतात. शंभर यार्डांवरच्या कायोटीला त्याचा काही उपयोग नाही.

ती दुनळी आता माझ्या नावावर आहे, शेती राखणीच्या लायसनवर. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करतो, निकालानंतर परत आणतो. पण तिने मी डुक्कर मारत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, रानडुक्कर त्या कायद्याच्या यादीत आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय आपल्याच बागायतीतलं डुक्कर मारणंसुद्धा गुन्हा आहे. लायसन बंदुकीचं असतं, शिकारीचं नाही. इथे भलेभले गल्लत करतात. रताळी गेली तर मलाही राग येतो, माझेही दोन वाफे गेल्या पावसात गेले. सौर कुंपण घातलंय, खालच्या तारेला लागणारं गवत दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर करंट जमिनीत उतरतो आणि डुकरं खालून येतात. फासकी लावणाऱ्यांना मी उभं करत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीला डोळे नसतात. २००९ साली आमच्याच केरीच्या रानात वाघ अडकला होता, आणि जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने गेले, तेव्हा सत्तरीचं नाव कुठल्या कारणाने देशभर झालं ते सगळ्यांना आठवतंय.

परवा भाच्याचा पुन्हा फोन. अभ्यासक्रम झाला, लायसन आलं, .२४३ घेतली, आखूड दस्त्याची. ताटलीचा फोटो पाठवला. मी चष्मा लावून मोजली. दहापैकी सात आत, दोन कडेला, एक गायब.

"मामा, आज रात्री डुकरं येणार आहेत. बसू का?"

"ती एक कुठे गेली ते आधी शोध," म्हटलं. "आणि स्क्रूला नखपॉलिश लावलंस का?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग लांबून त्याच्या बायकोचा आवाज ऐकू आला, कपाटात कुठल्या खणात बाटली आहे ते सांगत होती.